सक्तीची एनसीसी: 1963 ते 1968 या पाच वर्षांचं प्रकरण

1963 साली कॉलेजात पदवीला शिकणाऱ्या मुलांना एनसीसी, म्हणजे नॅशनल कॅडेट कोअरचं लष्करी धर्तीचं प्रशिक्षण, सक्तीची झाली आणि 1968 साली ती सक्ती उठली. मधल्या काळात देशाने पदावर असलेले दोन पंतप्रधान गमावले, पाकिस्तानशी एक युद्ध लढलं आणि अन्नधान्याची टंचाई सोसली. एवढ्या घडामोडींत एनसीसीची सक्ती कधी आली आणि कधी गेली, हे त्या पिढीबाहेर फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

लक्षात राहायला हवं होतं, कारण मागणी अजून जिवंत आहे. दर चार-दोन वर्षांनी कुणीतरी ठासून सांगतंच, ‘कॉलेजच्या पोरांना मिलिटरी ट्रेनिंग कंपल्सरी करा, सगळी सुतासारखी सरळ होतील.’ हा प्रयोग याच देशात, याच संघटनेत, राष्ट्रीय पातळीवर होऊन गेलाय आणि तो सरकारनेच गुंडाळलाय, हे बोलणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. गुंडाळण्याचं कारण मुलं आळशी होती किंवा देशप्रेम कमी पडलं, हे नव्हे. एकाच योजनेकडून तीन वेगवेगळ्या गोष्टींची अपेक्षा धरली गेली होती आणि सक्ती त्यांतल्या फार तर एकीला उपयोगी होती. या प्रकरणाचा माझा अर्थ असा आहे. तो पटण्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

कायद्यात काय होतं

विद्यापीठातल्या मुलांना लष्करी शिक्षण देण्याची कल्पना इंग्रजांच्या काळातली. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, सैन्यातली तूट भरून काढायला ‘युनिव्हर्सिटी कोअर’ निघाली. 1920 च्या टेरिटोरियल कायद्याखाली तिचं ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झालं आणि दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, त्याच नावात ‘ऑफिसर्स’ हा शब्द शिरला. हे सगळं मोजक्या विद्यापीठांपुरतं होतं. 1946 मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने पुढच्या वर्षी अहवाल दिला, शाळा-कॉलेजांसाठी देशव्यापी कॅडेट संघटनेची शिफारस केली आणि 1948 च्या कायद्याने नॅशनल कॅडेट कोअर अस्तित्वात आली. सुरुवातीला कॅडेट होते जेमतेम 20,000.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या कथेला पुरून उरतात. पहिली म्हणजे विद्यार्थ्याने भरतीसाठी ‘स्वतःला पुढे करावं’ असं त्यात धरलं आहे. कायद्याच्या रचनेतच स्वेच्छा आहे. दुसरी म्हणजे एनसीसीत आहे म्हणून कुणावर प्रत्यक्ष लष्करी सेवेची जबाबदारी येत नाही. त्याच वर्षी टेरिटोरियल आर्मीचाही कायदा झाला आणि तिथे मात्र बोलावणं आलं की जावं लागतं. म्हणजे 1948 मध्येच विचारपूर्वक दोन दारं वेगळी केली होती. एका दारातून राखीव सैनिक यायचा होता, दुसऱ्यातून शिस्त आणि नेतृत्वाचे धडे घेतलेला नागरिक, ज्यातला एखादा पुढे आपल्या मर्जीने अधिकारी होईल.

1963 मध्ये हा फरक पुसट झाला. मूळ कायदा स्वेच्छेचा होता, त्यामुळे सक्ती राबवायची तर विद्यापीठांच्या नियमांतूनच राबवावी लागणार होती. मुलाच्या बाजूने पाहिलं तर एनसीसी ही सैन्याची हाक राहिली नाही, पदवीच्या वाटेवरची एक अट झाली. हजेरी भरली तर ठीक, नाहीतर भानगड. लॅबच्या जर्नलवर सही घेतात तशी.

चीनच्या आधीचा वाद

सक्तीची कल्पना 1962 च्या पराभवातून जन्मली असं सरसकट मानलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 1959 मध्येच पंडित नेहरूंच्या पुढाकाराने राष्ट्रीय सेवेचा विचार चालू होता आणि डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, माजी अर्थमंत्री आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असलेला हा काटेकोर माणूस. समितीची शिफारस स्पष्ट होती. माध्यमिक शिक्षण संपवून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी.

पैशाचा आणि यंत्रणेचा प्रश्न उभा राहिला. मग शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांना इतर देशांत अशा योजना कशा चालतात याचा अभ्यास करायला सांगितलं. 1960 च्या सुमारास आलेला त्यांचा निष्कर्ष उलट होता. सेवा ऐच्छिक ठेवा, शाळा-कॉलेजांना आपापल्या परीने उपक्रम आखू द्या, असं त्यांचं म्हणणं.

एकाच सरकारच्या टेबलावर एकाच प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरं पडून होती. शांततेच्या काळात अशा वेळी फाइल कपाटात जाते, आणि ती गेलीही. 20 ऑक्टोबर 1962 ला चिनी सैन्याने हल्ला केला आणि कपाट पुन्हा उघडलं.

26 ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला. मुंबईतली मुख्यमंत्र्याची खुर्ची सोडून यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. सैन्याचा विस्तार सुरू झाला, डोंगराळ मुलुखात लढण्यासाठी नव्या डिव्हिजन उभ्या राहू लागल्या. अधिकारी कमी पडत होते म्हणून आणीबाणीची कमिशन्स, म्हणजे अधिकारीपदाच्या नेमणुका, निघाली आणि अल्प मुदतीचं शिक्षण देऊन तरुणांना लेफ्टनंट केलं जाऊ लागलं. त्या वातावरणात कॉलेजातला धडधाकट मुलगा रविवारी सकाळी झोपून राहतो, हे कुणालाच बघवत नव्हतं. सैयदैन यांचा अभ्यास तेव्हा कोण वाचणार? सक्तीचा निर्णय झाला आणि त्या क्षणी त्याला विरोध करणं जवळपास अशक्य होतं.

एक तिरकस योगायोग असा की अमेरिकेत नेमका याच सुमारास उलटा प्रवास चालू होता. तिथल्या सरकारी जमिनीच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठांत आरओटीसीचं, म्हणजे विद्यार्थ्यांतून सैन्यासाठी अधिकारी घडवणाऱ्या योजनेचं, प्राथमिक प्रशिक्षण वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. 1960 च्या आगेमागे विद्यापीठं ती सक्ती सोडू लागली आणि 1964 च्या कायद्याने शिष्यवृत्त्यांचं आकर्षण पुढे केलं. अधिकारी हवे असतील तर ज्याला यायचंय त्याला पैसे द्या, हा तिकडचा हिशेब झाला. आपण मात्र ज्याला यायचं नाही त्यालाही रांगेत उभं केलं.

एका रेंजचा हिशेब

धोरणाच्या पातळीवर सक्ती म्हणजे एक वाक्य असतं. मैदानावर तिचं काय होतं हे बघायला एक साधा हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते धरलेत.

समजा, कॉलेजात हजार मुलांना एनसीसी सक्तीची आहे. जवळ पॉइंट टू-टू रायफलची छोटी रेंज आहे आणि एका वेळी पाच जण झोपून फायर करू शकतात. एका डीटेलला, म्हणजे एका वेळच्या तुकडीला, माणशी पाच राऊंड. पोझिशन घेणं, रायफल भरणं, फायर, रायफल खाली करून तपासणं, टार्गेटपर्यंत चालत जाऊन भोकं मोजणं, नवा कागद लावणं, यात घाई केली तरी दहा मिनिटं जातात. हजार मुलांचे दोनशे डीटेल होतात, म्हणजे दोन हजार मिनिटं, तेहतीस तासांच्या वर. रविवारी चार तासांची परेड धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त पाच गोळ्या येण्यासाठी आठहून जास्त रविवार लागतात. त्यातही पाऊस पडला नाही, परीक्षा आली नाही आणि दारूगोळा वेळेवर मिळाला, तर.

आता खरा प्रश्न. पाच जण रेंजवर असताना उरलेले नऊशे पंच्याण्णव काय करतात? ड्रिल करतात. रायफली नसल्या तरी ड्रिल होतं, नकाशे नसले तरी होतं, एक उस्ताद, म्हणजे लष्करी प्रशिक्षक, तीस-चाळीस जणांना हाकू शकतो. म्हणून संख्या वाढली की अभ्यासक्रमातलं बाकी सगळं आक्रसतं आणि ड्रिल फुगतं. हे कुणी ठरवून करत नाही, आपोआप होतं.

ड्रिलला मी नावं ठेवत नाही. सावधान-विश्राम, दाहिने मुड, कदम ताल यांनी शरीराला सवय लागते, दहा जणांबरोबर एका ठेक्यात हलणं म्हणजे काय ते कळतं. पण नेतृत्व शिकायचं तर मुलाला दहा जणांच्या सेक्शनचा ताबा द्यावा लागतो. त्याला एक काम सांगायचं, वेळ द्यायचा, चुका करू द्यायच्या. त्या चुका बघणारा जाणता माणूस बाजूला उभा हवा आणि नंतर त्याने मुलाला बाजूला घेऊन सांगायला हवं, ‘तू हुकूम दिलास तेव्हा तुझे तीन गडी तुझ्या पाठीमागे होते, त्यांना ऐकूच गेलं नाही.’ हा बघणारा माणूस नसेल तर तो खेळ झाला, शिक्षण नाही. हजार मुलांचे शंभर सेक्शन. शंभर बघणारे आणायचे कुठून?

सैन्यातून? तिथे तर नव्या पलटणी उभ्या राहत होत्या आणि चांगला हवालदार सोन्याच्या भावाने जात होता. एनसीसीकडे पाठवायला सैन्य आपले सर्वांत तरबेज उस्ताद मोकळे करेल, अशी अपेक्षा धरणं भाबडेपणाचं होतं. कॉलेजातल्या प्राध्यापकांतून? एनसीसीची रचनाच तशी आहे. प्राध्यापकाला अर्धवेळ कमिशन मिळतं, तो कामठीला जाऊन प्रशिक्षण घेतो आणि परत येऊन आपल्याच विद्यार्थ्यांची कंपनी सांभाळतो. आवड असलेला माणूस मिळाला तर ही व्यवस्था अप्रतिम चालते. पण आवड असलेला गणिताचा किंवा मराठीचा प्राध्यापक एका कॉलेजात एक सापडतो, फार तर दोन. संख्या चौपट झाली म्हणून तो चौपट होत नाही.

सक्तीच्या परेडला हजेरीचं वजन किती वाढत असेल, हे रोलकॉल ऐकलेला कुणीही सांगेल. फॉलिन झालं, म्हणजे रांगा लागल्या, की नामावली वाचली जाते, एकेक ‘हाजिर’ येतो. ऐच्छिक कंपनीत गैरहजर मुलगा पुढच्या रविवारी स्वतःच खजील होऊन येतो, कारण त्याच्या जागेवर डोळा ठेवून बाहेर दुसरा उभा असतो. सक्तीच्या कंपनीत त्याची जागा कुणालाच नको असते. तिथे मित्राचा ‘हाजिर’ मित्र देतो आणि सीनियरला ते माहीत असतं. पट्ट्याचं पितळ घासायचं ते तपासणीपुरतं, बूट चमकवायचे ते पुढच्या रांगेतल्यांनी. मुलं शिकत नाहीत असं नाही. संघटनेला चकवून कसं राहायचं हेही एक शिक्षणच आहे आणि ते सक्ती फार लवकर देते.

65 मध्ये काय उपयोगी पडलं

सक्तीच्या बाजूने बोलायचं तर 1965 कडे बघावं लागतं. पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा एनसीसीचे कॅडेट ‘दुसरी फळी’ म्हणून कामाला लागले. शस्त्रास्त्र कारखान्यांना मदत करणं, आघाडीकडे दारूगोळा पोचवण्याच्या कामात हातभार लावणं, नागरी संरक्षण दलाबरोबर बचावकार्य, वाहतूक नियंत्रण, शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरले तर त्यांना पकडण्यासाठी गस्त, ही कामं त्यांनी केली. त्यांचा अभिमान एनसीसी आजही बाळगते आणि तो रास्त आहे.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट दिसते. यातल्या बहुतेक कामांना हात हवे होते. सांगितलेलं ऐकणारे, वेळेवर येणारे, गोंधळात न पळणारे पुष्कळ हात. इथे संख्या खरोखर कामाला आली आणि इथे ड्रिलही कामाला आलं, हे मान्य केलं पाहिजे.

पण 1963 मधल्या निर्णयाला एवढंच नको होतं. त्याच्याकडून पहिली अपेक्षा या दुसऱ्या फळीची होती. दुसरी, सैन्याला अधिकारी मिळावेत. तिसरी फारशी उघड बोलली जात नव्हती, पण प्राचार्यांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या मनात होती. विद्यार्थी बेशिस्त झालेत, त्यांना वळण लागावं. पहिली अपेक्षा काही प्रमाणात पुरी झाली, तीही कायद्यात सेवेचं बंधन नसल्यामुळे मुलांच्या खुशीवरच. दुसरी आणि तिसरी मात्र सक्तीशी जुळतच नव्हत्या.

अधिकारी निवडण्याच्या आपल्या पद्धतीकडे बघितलं की दुसरीचं कोडं सुटतं. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात मैदानी चाचण्या होतात तेव्हा सुरुवातीच्या गटकामात म्होरक्या नेमतच नाहीत. आठ-दहा जणांना एक अडथळा, एक फळी, एक दोरी आणि एक ओझं देतात आणि परीक्षक शांतपणे बघत राहतो. कोण आपण होऊन पुढे येतो, कोण दुसऱ्याची कल्पना उचलून धरतो, कोण नुसता ओरडतो. ‘आपण होऊन’ हीच तिथे मोजायची गोष्ट आहे. ज्या प्रशिक्षणात आपण होऊन येण्याचा पहिला प्रसंगच, म्हणजे नाव नोंदवण्याचा, काढून घेतलाय, त्याने या कसोटीसाठी मुलं तयार होतील अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. हजारातून येऊ इच्छिणारी साठ मुलं निवडून त्यांच्यावर तोच उस्ताद, तीच रेंज आणि तेवढीच काडतुसं खर्च केली असती तर सैन्याच्या हाती जास्त लागलं असतं.

तिसऱ्या अपेक्षेबद्दल थोडक्यात. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर विद्यार्थ्यांची आंदोलनं पेटली, ती एनसीसीची सक्ती चालू असतानाच. फी, परीक्षा, भाषा, बेकारी ही त्यांची कारणं होती आणि त्यातलं एकही कारण परेड मैदानावर सुटणारं नव्हतं.

उतरण्याची शिडी

निर्णय घेणं सोपं असतं, मागे घेणं अवघड. या प्रकरणात मला सर्वांत जास्त रस वाटतो तो माघारीत, कारण ती बरीच शहाणपणाने झाली.

1964 मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला. अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी आणि सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे. कोठारींची निवड या विषयापुरती तरी फारच अचूक होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि त्याआधी कितीतरी वर्षं संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार होते. म्हणजे लष्कराची गरजही त्यांनी आतून पाहिलेली आणि कॉलेजची रयाही.

1966 मध्ये आलेल्या अहवालाने सक्ती एका फटक्यात उडवली नाही. चौथी पंचवार्षिक योजना संपेपर्यंत एनसीसी आहे तशी चालू द्या, तोवर दुसरे पर्याय उभे करा, आणि ते उभे राहिले की एनसीसी ऐच्छिक करा, असा त्याचा क्रम होता. त्यात आणखी एक सूचना होती, जिच्याकडे पुढे पुरेसं लक्ष गेलं नाही. आठवड्याला थोडे थोडे तास देण्यापेक्षा सलग साठ दिवसांच्या आसपास पूर्णवेळ प्रशिक्षण देता येईल का, ते बघा. ज्याने दहा दिवसांचा का होईना वार्षिक कॅम्प केलाय, त्याला या सूचनेचं मोल लगेच कळेल. तंबूत राहणं, पहाटे उठणं, मेसची पाळी, रात्रीचा पहारा, भांडलेल्या दोघांना एकाच तंबूत निभावणं, यातून जे अंगवळणी पडतं ते वर्षभराच्या रविवारांतून पडत नाही. रविवारी मुलगा घरून येतो आणि घरी जातो. कॅम्पमध्ये त्याला परिणामांसोबत झोपावं लागतं.

घटना मात्र अहवालापेक्षा वेगाने धावल्या. एप्रिल 1967 मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. विद्यार्थ्याला एनसीसी किंवा राष्ट्रीय सेवा योजना यांतलं एक निवडू द्यावं, आणि खेळात चमकणाऱ्यांना दोन्हींतून मोकळीक देऊन राष्ट्रीय क्रीडा संघटनेत घ्यावं, अशी शिफारस तिने केली. सप्टेंबरात कुलगुरूंच्या परिषदेने तिचं स्वागत केलं. 1968 मध्ये एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. चौथी योजना तोवर सुरूही झाली नव्हती.

एवढी घाई का? एक कारण तारखांतच दिसतं. चिनी आक्रमणाच्या वेळची आणीबाणी 10 जानेवारी 1968 ला उठली. जिच्या जोरावर सक्ती टिकून होती ती परिस्थितीच कागदोपत्री संपली. दुसरं कारण त्याच महिन्यातलं. 23 जानेवारीला त्या वेळच्या मद्रास राज्याच्या विधानसभेने, अण्णादुराई मुख्यमंत्री असताना, हिंदीविरोधी ठराव केला. त्यात शाळांतल्या हिंदीबरोबर एनसीसीतल्या हिंदी आज्ञाही नकोत, असं कलम होतं. महाराष्ट्रातल्या मुलाला ‘दाहिने देख’ म्हणताना काही टोचत नाही. तिकडे मात्र ज्या पोरांनी 1965 मध्ये हिंदीविरोधात रस्त्यावर मार खाल्ला होता, त्यांनाच सक्तीच्या परेडला ‘सावधान’ ऐकून टाच जुळवावी लागत होती. सैन्याच्या आज्ञेची भाषा देशभर एकच असावी, ही भूमिका सैन्यात भरती झालेल्याला मान्य असते, कारण तो ते मान्य करूनच आलेला असतो. न विचारता आणलेल्या विद्यार्थ्यावर ती लादली की तिचं राजकारण होतं. हा भाषेचा वाद सक्ती उठण्याचं एकमेव कारण होता असं मी म्हणणार नाही, पण सक्तीने संघटनेला केवढ्या बाहेरच्या भांडणांत ओढलं, याचा तो नमुना आहे.

आणि शिडी म्हणतो ती ही. नुसती सक्ती उठवली असती तर सरकार हरलं, पोरं सुटली, असा अर्थ निघाला असता. त्याऐवजी पर्याय दिला. 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. सैयदैन यांनी नऊ वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं, ते जवळपास तसंच प्रत्यक्षात आलं. गंमत अशी की पुढे एनसीसीही त्याच दिशेला थोडी झुकली. 1965 आणि 1971 च्या युद्धांनंतर अभ्यासक्रम बदलला, निव्वळ दुसऱ्या फळीची भाषा मागे पडली आणि नेतृत्वगुण, समाजसेवा यांना जागा मिळाली.

सक्तीची उरलेली एक बाजू

एवढं लिहूनही सक्तीच्या बाजूचा एक मुद्दा माझ्याकडून खोडला जात नाही. ऐच्छिक योजनेत कोण येतं? ज्याच्या घरात कुणी फौजेत आहे, ज्याला कुणी सांगितलंय, ज्याला रविवारी दुकानावर किंवा शेतावर राबावं लागत नाही, तो. बुजरा, खेड्यातून नुकताच आलेला, फॉर्म कुठे मिळतो हे विचारायलाही कचरणारा मुलगा आपण होऊन पुढे येत नाही. सक्तीने त्याला मैदानावर आणलं. त्यांतल्या काहींना तिथेच पहिल्यांदा कळलं असणार की आपला आवाज मोठा आहे आणि लोक तो ऐकतात. स्वेच्छा म्हणजे न्याय असं समीकरण मांडता येत नाही.

यावर उपाय मधला आहे आणि तो महागडा नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांना एक-दोन दिवस मैदान, रायफल आणि कॅम्प दाखवायचा, आणि मग निवड त्यांच्यावर सोडायची. दाखवण्याची सक्ती हवी तर करा, राहण्याची नको. काही प्राध्यापक अधिकारी हे स्वतःहून करतात. प्रवेशाच्या दिवसांत वर्गावर्गात जातात, मागच्या बाकावरच्यांना उठवून विचारतात.

आजच्या ऐच्छिक एनसीसीतही एक छुपी ओढ आहेच. एनसीसीचं सर्वांत वरचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट सिलेक्शन बोर्डासमोर जाता येतं. काही भरतींत जादा गुण मिळतात. 2021 पासून विद्यापीठांना एनसीसी हा श्रेयांकाचा वैकल्पिक विषय म्हणूनही घेता येतो. प्रमाणपत्रासाठी येणारी आणि हौसेने येणारी अशी दोन प्रकारची मुलं एकाच रांगेत उभी असतात आणि पहिल्या कॅम्पात ती ओळखू येतात. तरी हे प्रलोभन सक्तीपेक्षा बरं, कारण मुलगा सोडून जाऊ शकतो.

गेल्या काही वर्षांत पुन्हा विस्तार चालू आहे. तीन लाख जागांची वाढ मंजूर झाली आणि एकूण मंजूर संख्या 20 लाखांवर गेली. सुरुवातीच्या 20,000 च्या शंभरपट. यात एक गोष्ट 1963 पेक्षा वेगळी आहे. माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घ्यायचं या विस्ताराबरोबरच ठरलं. म्हणजे निदान उस्तादांचा प्रश्न या वेळी डोळ्यांसमोर आहे. निवृत्त सुभेदार मैदानावर आला तर ड्रिल सुधारणार यात शंका नाही. सेक्शन मुलाच्या हाती सोपवून स्वतः बाजूला उभं राहणं आणि नंतर त्याला नेमकं सांगणं, हे मात्र त्यालाही वेगळं शिकवावं लागेल. वीस-पंचवीस वर्षं त्याने स्वतः हुकूम दिलेत. परेड स्टेटमध्ये, म्हणजे परेडच्या हजेरीच्या तक्त्यात, हजर किती, गैरहजर किती, आजारी किती हे रकाने असतात. तीन वर्षांत कोणत्या कॅडेटने किती वेळा सेक्शन चालवला आणि तेव्हा त्याला कोण बघत होतं, याचा रकाना त्यात नाही. बटालियनने मनात आणलं तर साध्या वहीत तो ओढता येईल.